शिक

मखमलाबाद नाक्यावरच्या मिसळवाल्याचा पत्रा
मी बरोब्बर मधोमध सुरू केला.
डावा अर्धा कोरा.
मालक हसला, "मोजाड, सकाळीच घेतली काय?"
चाळीस वर्षं अक्षरं काढतोय मी या गावात,
दोरी न मारता माझी शिरोरेघ सरळ येते.
मला पत्राच तेवढा दिसत होता.

आधी चष्मेवाला. नवा नंबर, नवे पैसे,
आणि दाराची चौकट डाव्या खांद्याला लागायची ती लागायचीच.
डावा डोळा गेला, मी म्हणालो.
खतीब डॉक्टरीणबाईंनी तोच झाकायला लावला.
"माझ्या नाकाकडे बघा. आता?"
उजव्या डोळ्यालाही एकाच कानातली कुडी.
त्या गप्प झाल्या जरा.

मग अंधारी खोली, पांढरा घुमट, हनुवटी टेकवायची,
नजर मधल्या ठिपक्यावर,
कुठं काजवा चमकला की बटण.
दाबलं, दाबलं,
मग बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं मशीन बंद पडलं.
मशीन चालू होतं. काजवे डावीकडे होते.

कागदावर दोन वर्तुळं आली,
दोन्ही डावीकडून काळ्यात बुडवलेली,
मधली कड इतकी सरळ
की धंद्यातला माणूस म्हणून मला कौतुकच वाटलं.

त्याच कागदाच्या पाठीवर बाईंनी काढून दाखवलं:
दोन डोळ्यांमागून दोन दोर, पुढं चौक,
"द्वारका समजा."
निम्मे धागे रस्ता ओलांडतात, निम्मे आपल्याच कडेनं जातात.
चौकाच्या अलीकडं तुटलं तर एक डोळा,
चौकातच, तर दोन्ही कानांकडच्या बाजू,
पलीकडं उजवीकडं तुटलं
तर दोन्ही डोळ्यांतलं डावं.
माझं पार शेवटच्या स्टॉपवर. एमआरआयमध्ये निघालं,
डोक्याच्या मागं, सुपारीएवढं,
रक्त न पोचलेलं.
डोळे? डोळे ठणठणीत.

वेणू विचारते, तिकडं काळं दिसतं का हो?
काळं असतं तर कळलं असतं गं.
तुला तुझ्या पाठीमागं काय दिसतं?
तसं.
ती हल्ली मुद्दाम डावीकडं बसते, आणि खोकते.

परवा सीबीएसला एसटी लागली.
पाटीवर लिहिलेलं: शिक.
मी उभा राहिलो वाचत.
मग बाईंनी सांगितलंय तशी मान वळवली,
सावकाश, कडेपर्यंत,
पत्र्याचा खिळा दिसेपर्यंत.

'ना' होता जागेवर.
रंगाचे पोपडे उडालेले थोडे,
पण कान्याचं वळण माझंच.