दोन हिवाळे अंगावर

वहीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःला नोंदवलं आहे:
निकोल ड्रेव्हर, ऑर्कनी बेटांवरचा, वय सतरा,
काम होडीवर, पगार वर्षाला सहा पौंड.
अक्षर वाऱ्याकडे पाठ करून उभ्या मेंढरांसारखं,
सगळं एका अंगाला कललेलं.

त्याच्या बेटावर झाड नव्हतं.
खाऱ्या वाऱ्यात झाड तग धरत नाही तिथे.
म्हणून हडसनच्या उपसागरातून नदीने आत शिरताना
पहिला आठवडाभर त्याने नुसती झाडं मोजली.
चार हजारांपर्यंत. मग लिहिलं, "सोडून दिलं."
सात पिढ्यांपूर्वीच्या या माणसावर
माझा जीव जडला तो इथे.

पुढे जीव जडावा असं फारसं नाही.
बंदूक, चौदा बीव्हर.
घोंगडी, सात बीव्हर.
सुया डझनभर, एक बीव्हर.
बीव्हर हे जनावर नव्हेच त्या ठाण्यावर,
शेपटीचं नाणं आहे.

आणि एका मार्च महिन्यात, हवामानाच्या खाली:
"बाई आली. पीठ वाढवून घेतलं."
नाव नाही.
नाव माझ्या आत्याकडे होतं, लोझा आत्याकडे,
मासे साफ करता करता तिने ते मला दिलं:
वीहकेस. क्री भाषेत वेखंड.
कडू जहर, पण घसा बसला की
शेवटी तेच चघळावं लागतं.

वीहकेसच्या मामाने बर्चच्या सालीवर कोळशाने
पश्चिमेची वाट काढून दिली.
निकोलने ती शाईत उतरवली, जशीच्या तशी,
त्यात एक तळं, तळहाताएवढं.
लंडनच्या कारकुनाने समासात लिहिलं, "अशक्य",
आणि पुढच्या छापील नकाशात तळं
नखाएवढं झालं.

मी त्याच तळ्यावरून ट्रक नेते,
जानेवारी ते मार्च, गोठलेल्या रस्त्याने,
डिझेल, डायपर, कधी एखादी शवपेटी.
चाळीस मिनिटं लागतात.
कारकून बरोबर होता असंच मी धरून चालले होते.

वहीतलं एक पान मात्र मला ओलांडता येत नाही.
त्या काळी सगळ्यात चढा भाव
अंगावर वापरलेल्या कातड्यांना.
लव आतून घेऊन बायामाणसं ती पांघरत,
अंगाच्या तेलाने, घामाने राठ केस झडून जात,
मऊ लव तेवढी उरे. टोपीवाल्यांना तीच हवी.
निकोल लिहितो:
"झगा एक, घरातला, आठ कातड्यांचा.
दोन हिवाळे वापरलेला. उत्तम."

घरातला.

म्हणजे लंडनला कुणा वकिलाच्या डोक्यावर
वीहकेसचा घाम
भर पावसात कोरडा चालत होता.

खालची ओळ त्याच दिवसाची:
"घोंगडी एक. माझ्या नावावर."
आठातून सात गेले.
उरलेल्या एकाचं काय केलं, वही सांगत नाही.
डझनभर सुया येतात एका बीव्हरला,
पण हे मी म्हणते आहे, तो नाही.
मला तो बरा माणूस असायला हवा आहे,
हे मला कळतं.

यंदा मार्च लवकर ढिला पडला.
बर्फावर पाणी चढलं, रस्ता बंद,
आणि मी पलीकडच्या काठावर अकरा रात्री अडकले
दोन ड्रायव्हर आणि गोठवलेल्या कोंबड्यांसोबत.
रात्री तळं फुटताना आतून गुरगुरायचं.
सहाव्या की सातव्या रात्री ध्यानात आलं,
मामाने मैल काढलेच नव्हते.
तो थांबला होता इथे, बर्फ जायची वाट बघत,
आणि जितका थांबला तितकं तळं काढलं होतं.

मी धुरकट काचेवर तळहात टेकवला.
बरोबर बसला.
मग थंडी वाजली, तसा हात जॅकेटमध्ये घातला,
नकली लव, आतल्या बाजूला,
तिसरा हिवाळा आहे तिचा,
काखेपाशी झडू लागली आहे.