नात्याचा रकाना

मंगळवारी जनसुनवाई.
मोती तबेल्याशी उतरलो आम्ही सातजण
आणि एक पिशवी: तिच्यात अर्ज,
अर्जाच्या तीन झेरॉक्स, थर्मास,
घोटणेबाईंची बाकावर घ्यायची उशी.

अर्ज मी लिहिला होता. आधी मराठीत,
कारण राग मला मराठीतच नीट येतो;
मग हिंदीत, कारण खिडकीपलीकडे हिंदी बसते.
हिंदीत मी झाले प्रार्थी.
मराठीत होते अर्जदार.
चौतीस वर्षं मिलच्या टाइम ऑफिसात टंकलेखन केलं,
आणि आत्ता दिसलं
की त्या शब्दाला निदान एक दार आहे.

मागणी एका ओळीची.
मुक्तिधामाच्या नोंदवहीत 'मृतक से संबंध' असा रकाना आहे.
छापील: पती, पुत्र, पिता, भाई,
आणि खाली, मागाहून सुचल्यासारखं, पुत्री.
त्यात एक शब्द वाढवा.
पड़ोसी.

वेणूताई खासगीवाले गेल्या त्या पहाटे
मुलाचा फोन बंद होता
(त्याच्याकडे मध्यरात्र, त्याला काय बोल लावायचा).
अकरा वर्षं त्यांना उचलून रिक्षात बसवणारा,
त्यांच्या मराठी शिव्या खाऊन
हिंदीत हसणारा गेंदालाल बिल्लोरे
खिडकीशी उभा राहिला.
"रिश्ता?"
"पड़ोसी."
"ऐसा कुछ नहीं है इसमें. जो है, उसमें से बोलो."
मागे दुसरी तिरडी खोळंबलेली.
तो म्हणाला, पुत्र.

तेरा दिवस रिक्षा निघाली नाही.
चौदाव्या दिवशी तो आमच्या ओट्यावर आला.
"काकी, मैं ताई के नाम के आगे
झूठ लिखवा आया."

सह्या घ्यायला निघाले
तर घरटी एक मृत निघाला.
सुदामानगरच्या दोघी, बावीस वर्षं एका स्वयंपाकघरात,
सही करताना त्यांनी एकमेकींकडे पाहिलं नाही.
डेऱ्यावरच्या चंपागुरूंनी विचारलं,
आमच्यासाठी कुठला शब्द शोधाल, बाई?
माझ्याकडे नव्हता. तरी सही केली, वळणदार.
पोतनीसांनी नाही केली.
"आज शेजारी घ्याल,
उद्या भाडेकरू म्हणेल, घरही माझंच."
त्यांची भीती अगदीच खोटी नाही.
मी चहा संपवून उठले.

त्रेपन्न सह्या, सहा अंगठे.

साहेब तरुण. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला;
घोटणेबाईंना वाटलं, निम्मं काम झालं.
"प्रारूप भोपाल से आता है."
पावती मिळाली. पुढचा मंगळवार. त्यापुढचा.
मध्ये आचारसंहिता.
मध्ये साहेब बदलले, नवे साहेब
पहिल्या ओळीपासून.
थर्मासचं झाकण हरवलं.

आश्विनात निरोप आला, झालंय, बघून जा.
गेलो. वही तीच.
छापील शब्दांखाली कुणी पट्टीनं रेघ ओढून
निळ्या शाईत लिहिलं होतं
अन्य.

घोटणेबाई म्हणाल्या, हेही नसे थोडके.
गेंदालालनं वही आपल्याकडे फिरवली,
शब्दावर बोट ठेवलं, बराच वेळ.
"काकी, इसमें तो सब आ गए.
मैं नहीं आया."

परतताना त्यानं रिक्षा
वेणूताईंच्या फाटकाशी थांबवली, सवयीनं,
आणि मग पुढे घेतली.

आज सोमवार.
टंकयंत्राची रिबन केव्हाच सुकली,
हातानंच लिहायला बसले आहे.
विषय: 'अन्य' या शब्दाबाबत.
आधी मराठीत.