एक पौंडाचं नाणं

प्रश्न किती होते ते मी मोजलं नाही.
कर्स्टीनं मोजले, माझी सून. शेजारी बसली होती
माझी पर्स मांडीवर घेऊन, तिचीच असल्यासारखी.

अर्धा लिटर दुधाचा पुडा उचलता येतो?
पुठ्ठ्याचं रिकामं खोकं इथून तिथं ठेवता येतं?
वरच्या खिशात काही ठेवायचं, तर हात तितका वर जातो?
म्हटलं, बाबा, मला वरचा खिसाच नाही.
तो हसला नाही. टाइप करत राहिला.
पोरगाच होता, सत्ताविशीचा,
कानामागे दाढीचा साबण वाळलेला.

ग्रिम्स्बीच्या गोदीवर एकतीस वर्षं मी मासे कापले.
हॅडॉक, कॉड, कधी नशिबात असला तर हॅलिबट.
पहाटे चारला बर्फाच्या पाण्यात हात घालायचे
ते दुपारी आपलेच आहेत का बघत बाहेर काढायचे.
रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे, तरी
गारठा हाडाला विचारून आत येत नाही.
मिनिटाला पाच मासे, आणि काट्याला मांस नावाला नाही!
मालक पाहुण्यांना घेऊन यायचा माझे हात दाखवायला.

आता थंडी पडली की आधी पांढरी होतात बोटं,
मग निळी, मग कुणा दुसऱ्याची.
वळलेली राहतात,
सुरी अजून धरलीय अशी.

हेही सांगितलं.
सुरीसाठी त्याच्याकडे रकाना नव्हता.

पंधरा गुण लागतात.
आजारी असण्यातही पास-नापास असतं
हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

एक पौंडाचं नाणं उचलता येतं?
म्हटलं, कधी येतं, कधी नाही. हवेवर आहे.
हो की नाही, एवढंच सांगा.
मी खिडकीकडे बघितलं, हवा कशी आहे ते.

मग खिशातून रुमाल काढताना त्याचं नाणं पडलं.
पडलं की पाडलं, कर्स्टी अजून भांडते.
घरंगळत आलं, माझ्या बुटाशी थांबलं.
पडलेलं दिसलं की हात जातो,
आईनं लावलेली खोड.
वाकले. निसटलं. पुन्हा निसटलं.
मग बुटाच्या टोकानं टेबलाच्या पायाशी रेटलं,
तिथं ते जरा उभं राहिलं,
दोन मुठींच्या मध्ये धरलं
आणि त्याच्या तळहातावर नेऊन सोडलं.
थँक यू, मिसेस स्किपवर्थ, म्हणाला.
कान लाल झाले होते त्याचे.

बाहेर वारा, हंबरच्या मुखावरून येतो तो.
कर्स्टी गाडी आणायला गेलेली,
मला कोटाची चेन लागेना.
तो दारापर्यंत आला होता. काही न बोलता वाकला,
खालचं टोक खाचेत बसवलं, गळ्यापर्यंत ओढली,
मफलर अडकू नये म्हणून बाजूला धरून.
इतकी सवय! घरी आजी असणार त्याच्या.

पत्र आलं तपकिरी पाकिटातून. दातांनी फोडलं.
'नाणे उचलू शकतात : होय. गुण : शून्य.'
एकूण गुण सहा.
चेनीचं कुठंच काही नाही.

कर्स्टी म्हणते, अपिलात हेच लिहायचं,
तारीख, वेळ, त्याचं नाव,
स्वतःच्या हातानं चेन लावून दिली आणि लिहिलं काय बघा.
पेन उघडून बसलीय कधीची.
अठ्ठावीस तारखेची मुदत आहे.
हीटर आम्ही रात्री आठनंतरच लावतो.

मी म्हणते, थांब.
त्याला बोलावतील वर, विचारतील,
कामाच्या वेळेत चेन कुणी लावायला सांगितली होती?
आई, ती म्हणते, त्याचं तो बघेल.
बघेलही.

थांब जरा. आधी चहा टाकूया.
तू टाक.