फाटकवाला

आसाबात नदीकडच्या रस्त्यावर अकरा खोल्यांचं एक घर आहे,
राहत कुणीच नाही.
मालक ह्यूस्टनला. घर सिनेमावाल्यांना जातं,
भाडं दिवसावर, जनरेटरचं डिझेल वेगळं.
मी तिथला फाटकवाला.
सिनेमातलाही मीच, म्हणजे दुसरा माणूस आणायला नको.
तिथे मी संडे. दर वेळी संडे.
खरं नाव उझोदिन्मा. म्हणजे, वाट चांगली आहे.
आमच्या भाषेत वाटेला आणि दाराला शब्द एकच.
आईने नाव ठेवताना एवढा विचार केला नसणार.

या घरात मी सत्तावीस लग्नं मोडताना पाहिली.
जिना तोच. आई दर वेळी निराळी,
पण डोक्याला शिडाएवढं फडकं बांधूनच उतरते.
मुलगा लंडनहून शिकून आलेला
आणि त्याचा जीव जडलेला भाजकी केळी विकणारीवर.
"ही? आमच्या घरात?"
एवढं म्हणून आई सोफ्यावर बसते.
सोफ्याचं प्लास्टिक काढायला मालकाची मनाई,
म्हणून ते करकरतं,
म्हणून हा संवाद पुन्हा घेतात.

मग पैसे फेकायचे.
पुडक्यात वरची नोट खरी, तळाची खरी,
मधे निवडणुकीची जुनी पत्रकं, मापात कापलेली.
काल पोरीच्या तोंडावर पाच वेळा फेकले,
कारण चार वेळा तिला पाणी वेळेवर आलं नाही.
पाचव्यांदा आलं,
आणि हजाराची एक नोट कमी भरली.

कुणी काही बोललं नाही.
हिशोबवाल्याने नुसता हात पुढे केला.
मी खिसे उलटे केले:
किल्ली, कोलाचं अर्धं बी,
चार घड्यांचा कागद.
तो त्याने उघडून मोठ्याने वाचला.
याम चाळीस, एका मापाचे. ताडीचे बुधले आठ.
बोकड एक, शिंगंवाला. मिठाच्या गोणी दोन.
मुलीच्या आईला लुगडी, चांगल्यातली, चार.
मुलीच्या काकाला छत्री.
काका मेलाय दोन वर्षांपूर्वी. छत्री यादीत आहे.

लोक खो खो हसले.
त्यांना वाटलं, पुढच्या भागातला विनोद.
लेखक जवळ आला, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"फार जिवंत आहे हे. मी वापरू का?"

नोट दिवेलागणीला सापडली,
पोहण्याच्या तलावाच्या जाळीत, ओली.
कुणीतरी ती इस्त्रीखाली धरली.
"संडे, फाटक!"
उघडलं.

रात्री न्वाकाएगोच्या घरी गेलो. ओक्पानामला, मोटारसायकलवर मागे बसून.
तिच्या नावाचा अर्थ, लेकरू पैशाहून मोठं.
तिच्या आईने गेल्या वर्षीचा आमचाच सिनेमा लावला होता.
श्रीमंतीण जिना उतरली, पैसे उडाले,
आणि म्हातारी ओक्साबोक्शी रडली.
"देवा, या माणसांना तू काळीज देतोस की धोंडा?"
पदराने नाक पुसलं,
भज्यांची परात माझ्यापुढे सरकवली,
आणि मायेनेच विचारलं,
"बोकडाचं कुठवर आलं रे?"

मी म्हटलं, बघतोय.
खरं तर बोकड बघून झालाय. शिंगं आहेत. भाव पण आहे.

न्वाकाएगो पडद्याकडेच बघत होती.
"तो बघ, तुझा खांदा."
मग गाडी आत गेली, खांदा गेला.
"एवढ्याचे किती देतात?"
सांगितलं.
तिने मनातल्या मनात भागाकार केला. ओठ हलत होते.
मी तेवढ्या वेळात एक भजं खाल्लं.

लेखकाने ती यादी उतरवून घेतलीय.
त्याच्या गोष्टीत मुलीचा बाप ती फाडतो
आणि जावयाकडून एकच नाणं घेतो, मुठीत दाबून.
भाग दुसरा, शेवट.
लोक रडतील. म्हातारी तर रडेलच.
मी विचारलं, तेव्हा मी कुठे असतो?
तो म्हणाला, फाटकापाशीच.
उघडं की बंद, ते कॅमेऱ्यावर अवलंबून.