फुटाला एक सूत

हवी होती: लांबी.
मिळाली: लांबी.
एवढं छापून कंपायलर कोसळला.

मी तीनदा वाचलं.
चहा घेऊन आलेल्या मुजावरनं चौथ्यांदा वाचलं.
म्हणाला, हे म्हणजे पाचशे मागितले,
पाचशेच दिले,
आणि दुकानदार बेशुद्ध.

प्रोग्रॅम अकरा ओळींचा.
इचलकरंजीहून रझिया मोमीननं पाठवलेला,
यंत्रमागावरचे ताके मोजणारा.
मूळ चार हजार ओळी होत्या.
रात्रभर ती एकेक ओळ काढत गेली,
कोसळणं थांबेपर्यंत,
मग शेवटची काढलेली तेवढी परत ठेवली.
इतकं नेटकं मोडलेलं काही
कुणी आपल्या हातात आणून द्यावं,
याला नशीब लागतं.

तीन दिवस मी तुलनेच्या कोडमध्ये राहिले.
तिथे दोन प्रकार समोरासमोर उभे
आणि प्रश्न एकच: तुम्ही एक आहात का?
हो म्हणाले तर पुढे.
नाही म्हणाले तर चूक दाखवायची, सभ्यपणे.
पण आमच्या कोडनं गृहीत धरलेलं,
की इथवर आलेले ‘नाही’ म्हणणारच नाहीत.

आमचं ऑफिस उद्यमनगरात,
हिंदुराव सुतारांच्या पॅटर्न शॉपवर.
खालचा सागवानी भुसा
कीबोर्डच्या फटीत येऊन बसतो.
चौथ्या दिवशी मला टेबलाला फळी हवी होती.
खाली जाऊन मी भिंतीवरची पट्टी उचलली,
आणि रंधा टाकून ते धावत आले.

ती नको. ती बिडाची.

मी म्हटलं, पोलादाची दिसतेय.

पोलादाचीच हाय. पर मापतीय बीड.
बीड गार झालं की आकसतंय, फुटाला एक सूत.
म्हणून हिचा फूटच एक सूत मोठा.
आकडं त्येच. बारा म्हंजे बाराच.
गेल्या साली नव्या पोरानं
अर्धा पॅटर्न हिनं मापला, अर्धा तिनं.
पंपाचं झाकण पंपावर बसंना,
आणि त्यो दोन दिस झाकणालाच घासत बसलावता.

पट्टीच्या भोकात लाल दोरा बांधलेला होता.

फळी तिथंच राहिली.

आमच्याकडेही दोन पट्ट्या होत्या.
‘लांबी’ हे रझियानं दिलेलं टोपणनाव,
आत साधा दशांश.
एका टप्प्यावर आम्ही टोपणनाव सोलून आतलं घेत होतो,
दुसऱ्यावर विसरलो होतो.
आणि छापणारा भाग तर देवमाणूस,
दोघांनाही पोरीनं ठेवलेल्या नावानंच हाक मारायचा.
मीही त्या पोरासारखी
झाकण घासत बसले होते.

आधी मी सगळीकडेच सोलून काढलं.
कोसळणं थांबलं,
पण एकेचाळीस चाचण्या लाल.
रझियाला आता चुकीच्या निरोपात
‘दशांश’ दिसला असता,
आणि तिनं आयुष्यात कधी दशांश मोजला नाही,
ती कापड मोजते.

म्हणून परत फिरवलं.
तुलनेच्या उंबऱ्यावरच फक्त आत बघायचं,
नाव जिथल्या तिथं.
एक ओळ.
आणि अजून एक, कुणी मागितली नव्हती ती:
नावं सारखी असून आतलं वेगळं निघालं
तर छापताना बाजूला खूण करायची.
त्या फंक्शनला मी ‘लालदोरा’ नाव दिलं.
मुजावरनं तपासताना विचारलं, हे काय?
म्हटलं, खाली जाऊन बघून ये.

रझियाच्या अकरा ओळी चाचण्यांत ठेवल्या,
तिच्या नावासकट.
आता रोज रात्री अडीचला
कुणीही जागं नसताना
ते ताके पुन्हा मोजले जातात.

सकाळी हिंदुरावांनी विचारलं, सुटलं का?
सुटलं. एक ओळ.
एका वळीला चार दिस?
हो.
त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली.
मग बिल कशाचं लावतीस गं, वळीचं का दिसांचं?

उत्तर सुचेना.
फळी त्यांनी कापून ठेवली होती.
साध्या पट्टीनं.