चुरी धुताना

आमच्याकडे रांजण जमिनीत पुरतात,
गळ्यापर्यंत.
इमेरेतीत त्याला चुरी म्हणतात.
वर छप्पर नाही, भोवती भिंत नाही,
परसात अक्रोडाच्या सावलीत
नुसती गोल तोंडं,
जमिनीनं आ वासल्यासारखी.

सप्टेंबर संपत आला की बाबुआ माझं माप घ्यायचा.
दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणायचा,
"अजून मावते."
एवढं ऐकायला मिळावं म्हणून
मी वर्षभर कमी वाढायचा प्रयत्न करायचे.

काखेखालून दोर,
अंगात त्याचाच जुना सदरा,
हातात चेरीच्या सालींचा घासणा.
बेबिया हवेत क्रूस काढायची
माझ्यावर, दोरावर,
आणि थोडा नवऱ्यावरही.
मग मी खाली.

आत गारवा. गेल्या सालच्या द्राक्षांचा आंबूस दम.
वर आभाळाची ताटली,
तिच्या काठावर बाबुआची मिशी.

"गात राहा," मिशी म्हणायची.
"काय गाऊ?"
"काहीही. पाढे म्हण. पण गप्प बसू नकोस."

आत हवा कोंडते,
आवाज थांबला की ओढून काढायचं असतं,
हे मला पुष्कळ नंतर कळलं.
तेव्हा वाटायचं, याला माझा आवाज आवडतो.

एकदा मुद्दाम गप्प बसले.
आठ वर्षांची होते.
सात चोक अठ्ठावीसनंतर
ओठ मिटून, हसू दाबून, भिंतीला चिकटून उभी.
पहिल्यांदा टोपी पडली आत.
मग दोराचा असा हिसका
की दंडावर वळ उठले.

वर आले तेव्हा मी खिदळत होते.
बाबुआ हसला नाही. रागावलाही नाही.
दोर मुठीत तसाच धरून खाली बसला
आणि पाणी मागितलं.
अर्धं सांडलं.

बेबियानं मात्र कान पिळला.
मग त्याच हातानं
काठीवर वाळत घातलेली चुर्चखेला,
द्राक्षांच्या रसात बुडवलेली अक्रोडांची माळ,
अजून ऊन, अजून ओली,
तोंडात कोंबली.
कान आणि जीभ एकदमच भाजली.

आता मी बातुमीला असते. बंदरात.
दिवसाला दोनशे कंटेनर
माझ्या सहीनं आत येतात, बाहेर जातात.
प्रत्येकाची वेळ मिनिटापर्यंत नोंदवते.
बेबिया गेली तेव्हा दोन दिवसांची रजा मिळाली होती.
त्यानंतर, पुढच्या रविवारी.
मग, इस्टरला.
मग, द्राक्षं तोडायला तर नक्कीच.

बाबुआ फोनवर कधी "ये" म्हणत नाही.
म्हणतो, "काहीतरी बोल."
"काय बोलू? सगळं ठीक आहे."
"काहीही. समुद्र कसा आहे ते सांग.
लिलेचा दात पडला का, सांग."
"पडला. नंतर करते हं फोन."

तीन वर्षं हे असं.
परवा मी "नंतर करते" म्हटलं
आणि फोन ठेवायचाच राहिला.
पलीकडे तो बराच वेळ नुसता श्वास घेत होता,
कसलासा कानोसा घेतल्यासारखा.
मला एकदम टोपी आठवली.

चोवीस कंटेनर सहीविना राहिले.
लिलेला गणिताच्या तासातून उठवून आणलं,
ती खूश.

बाबुआ नव्वदीला टेकलाय.
त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"तू काही मावायची नाहीस."
मग लिलेच्या खांद्यांवर हात ठेवले,
थरथरले म्हणून पुन्हा ठेवले.
"ही मावते."

दोर माझ्याकडे.
तो काठाशी पालथा पडलाय, डोकं आत घालून.
लिले पाढे म्हणत नाही.
वर्गात कोणाची कोणाशी कट्टी,
कोणी कोणाचा डबा लपवला,
सगळं आतून मोठं होऊन, घुमून वर येतं.

"मग?" बाबुआ विचारतो.
ती सांगते.
"मग?"

खिशात फोन थरथरतोय.
माझे दोन्ही हात दोरावर आहेत.