समोरची खुर्ची

टपालानं तीन खोकी आलीत, नमुन्याची.
एकात रोज चाळीस मिनिटं व्याकरण,
दुसऱ्यात नुसत्या गोष्टी आणि रानात भटकणं,
तिसरं महाग; ते मी फोडलेलंच नाही.

नॉर्थ डकोटात फेब्रुवारी सरता सरत नाही.
शाळेची बस आमच्या फाट्यापर्यंत येत नाही,
आणि आली असती तरी...
हे वाक्य मी डेलपाशीही पुरं केलेलं नाही.

विल्मा नऊची, अपूर्णांकांशी भांडते.
ओरिन सहाचा. त्याची अक्षरओळख व्हायचीय,
असं मी वहीत लिहिलंय, पेन्सिलीनं.
धाकटी टेस किमतीचा कागद चघळतेय.

डेल गोठ्यातून आला, हात शेकत म्हणाला,
'गाईला नि वासराला आपण कुठं वेगळं टाकतो?'
टाकतो की. त्यालाही ठाऊक आहे.

तेवढ्यात ओरिननं ताईचं इतिहासाचं पुस्तक ओढलं,
उलटं धरलं,
आणि बोट न ठेवता सावकाश वाचू लागला:
नदी, बैलगाडे, थंडीत गेलेली माणसं.
मी पुस्तक सुलटं करून दिलं.
अडखळला.

वर्षभर तो तिच्या समोर बसत होता.

खोकी अजून टेबलावरच आहेत.
खुर्ची हलवावी की नको,
तेवढंच ठरत नाहीये.